‘ओरिजिनल विंटेज’ म्हणून विकली जाणारी जीप-पिकअप खरंच ओरिजिनल असते का? टेप, चुंबक आणि आरसी घेऊन असं तपासा

जुनी जीप, चकचकीत हिरवा रंग, रुंद टायर, मागे लाकडी फळ्यांचा हौदा आणि खाली ओळ : ‘१९५५ ची ओरिजिनल पिकअप, एकदम कडक कंडिशन.’ असे रील्स आता रोज दिसतात. खाली कमेंटमध्ये दोन गट पडलेले असतात. एक म्हणतो, ‘भाऊ, किंमत सांगा.’ दुसरा म्हणतो, ‘यात ओरिजिनल फक्त नंबर प्लेट आहे.’

दुसऱ्या गटाचं म्हणणं बऱ्याचदा खरं निघतं. जुन्या जीप वर्षानुवर्षं वापरात राहिल्या त्याच मुळी बदल करून करून. भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांकडे जाणारे चिखलाचे रस्ते, रोवणीच्या दिवसांतली धावपळ, बाजाराला न्यायची पोती अशा कामांसाठी जीप मागून कापून तिची पिकअप करणं हा गॅरेजवाल्या मिस्त्रीच्या हातचा खेळ होता. त्यात कुणाला फसवायचं नव्हतं, गरज भागवायची होती.

प्रश्न येतो तो अशी गाडी आज ‘विंटेज’ म्हणून जास्त किमतीला विकली जाते तेव्हा. कारण बदललेली गाडी विकत घेतली की पैशांसोबत कायद्याची अडचणही घरी येऊ शकते. म्हणून लाख-दोन लाखांचा व्यवहार करण्याआधी काय बघायचं, ते एकेक करून समजून घेऊ.

दुरुस्ती वेगळी, बदल वेगळा

घासलेले ब्रेक लायनर बदलले, गंजलेला पत्रा तसाच नवा बसवला, सीटचं कापड बदललं, तर ती दुरुस्ती. पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलं, चेसिस कापून लांब केली, सहा सीटच्या जीपची दोन सीटची पिकअप केली, तर तो बदल.

फरक ओळखायचा सोपा नियम असा : त्या कामामुळे आरसीवर लिहिलेली एखादी गोष्ट खोटी ठरते का? इंधन, इंजिन नंबर, बसणाऱ्यांची संख्या, बॉडीचा प्रकार, व्हीलबेस यापैकी काहीही जुळत नसेल, तर ती दुरुस्ती राहत नाही.

आधी थोडा इतिहास, कारण खुणा त्यातच आहेत

विलीज कंपनीची जीप दुसऱ्या महायुद्धात जगभर पोहोचली. युद्धानंतर तिची नागरी मॉडेल आली. त्यांची नावं ‘सीजे’ या अक्षरांनी सुरू होतात. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली आणि तिने मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल भारतात इतकं रुळलं की आजही ‘जुनी जीप’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर तीच येते. ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली.

विलीजने कारखान्यातच बनवलेली खरी पिकअपही होती. १९४७ ते १९६५ या काळात अमेरिकेत तयार झालेला तो ‘विलीज ट्रक’. पण आपल्याकडे पिकअप म्हणून दिसणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्या म्हणजे मागून कापलेल्या जीप असतात. त्या दोन्हींतला फरक सांगायला साधी मोजपट्टी पुरते.

पहिली तपासणी : टेप लावा

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे व्हीलबेस. रंग, बॉडी, दिवे काहीही बदललं तरी हे माप सहजासहजी बदलत नाही.

– सीजे-३बी : साधारण ८० इंच, म्हणजे २०३ सेंटिमीटर
– एमएम ५४० : साधारण ९१ इंच, म्हणजे २३१ सेंटिमीटर
– विलीज ट्रक : ११८ इंच, म्हणजे जवळपास ३०० सेंटिमीटर

विकणारा ‘ओरिजिनल विलीज पिकअप’ म्हणतोय आणि टेप ८० इंच दाखवतेय, तर ती मुळात जीप आहे. ‘पन्नासच्या दशकातली सीजे-३बी’ म्हणतोय आणि माप ९१ इंच येतंय, तर एकतर चेसिस नंतरच्या गाडीची आहे किंवा मधे कापून जोड दिलेला आहे. माप या कोणत्याच आकड्याशी जुळत नसेल, तर जास्त सावध व्हावं.

चाकं सरळ ठेवून माप डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंनी घ्यावं. दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे. फरक मोठा असेल, तर चेसिस वाकलेली आहे, जोड तिरका बसलाय किंवा एक्सल सरकलाय.

आणखी एक गोष्ट. छोट्या व्हीलबेसवर लांब हौदा बसवला की हौद्याचा बराच भाग मागच्या चाकांच्याही मागे जातो. तिथे वजन पडलं की पुढची बाजू हलकी होते आणि स्टिअरिंग नीट पकड घेत नाही. रीलमध्ये हे दिसत नाही. पोती भरून उतारावर गेल्यावर कळतं.

दुसरी तपासणी : बॉनेटची उंची

जीपच्या शौकिनांत ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’ हे शब्द चालतात. युद्धातली जीप आणि तिच्यानंतरची सीजे-२ए, सीजे-३ए या लो बॉनेट. सीजे-३बी हाय बॉनेट.

हा फरक नुसत्या दिसण्याचा नाही. सीजे-३बीमध्ये ‘हरिकेन’ नावाचं पेट्रोल इंजिन आलं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असल्याने ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं आणि जुन्या बॉनेटखाली मावत नव्हतं. म्हणून कंपनीने बॉनेट आणि पुढची जाळी दोन्ही उंच केली.

लो बॉनेट जीप जुनी आणि दुर्मीळ मानली जाते, म्हणून तिला किंमत जास्त मिळते. त्यामुळे हाय बॉनेटची लो बॉनेट करून देणारे कारागीरही आहेत. समोरून गाडी लो बॉनेट दिसतेय आणि बॉनेट उघडल्यावर आत हरिकेन किंवा डिझेल इंजिन आहे, तर काहीतरी नक्की बदललेलं आहे. मग एअर फिल्टर बाजूला सरकवलेला, बॉनेट आतून कापलेलं किंवा इंजिन खाली घेतलेलं दिसेल.

‘ही लष्करातली आहे’ असा दावा असेल, तर आणखी काही खुणा बघता येतात. युद्धकाळातल्या जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असत, नागरी मॉडेलला सात. लष्करी जीपचे हेडलाइट लहान आणि जाळीच्या आत बसवलेले असत. मागे उघडणारं फाळकं नसे आणि स्टेपनी मागच्या पत्र्यावर असे. नागरी सीजेला मागे फाळकं आलं. जाळीला सात फटी, मागे फाळकं आणि वर पांढरा तारा रंगवलेला असेल, तर तो तारा पेंटरचा आहे.

तिसरी तपासणी : इंजिन काय सांगतं

पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाकणं हा आपल्याकडचा सर्वांत रुळलेला बदल. डिझेल स्वस्त होतं आणि ओढ जास्त मिळायची. त्यामुळे ट्रॅक्टरचं, मॅटाडोरचं, दुसऱ्या जीपचं, जे मिळेल ते इंजिन बसवलं गेलं.

ओळखायला मिस्त्री असायची गरज नाही. पेट्रोल इंजिनावर स्पार्क प्लग, प्लगच्या जाड वायरी, डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर दिसतो. डिझेलवर यातलं काही नसतं. तिथे इंजेक्शन पंप आणि त्यातून प्रत्येक सिलिंडरच्या नोझलकडे जाणाऱ्या बारीक लोखंडी नळ्या दिसतात. हरिकेन इंजिन चार सिलिंडरचं, साधारण २,२०० सीसीचं. आरसीवर इंधन ‘पेट्रोल’ आणि बॉनेटखाली नोझल, म्हणजे कागद आणि गाडी वेगळं बोलतायत.

मग इंजिन ज्या कानांवर बसलंय ते बघावं. कारखान्यातले कान सारखे आणि नीट बसलेले असतात. बाहेरून इंजिन टाकताना जुने कान कापून नव्या पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात. गॅसने कापल्याच्या खडबडीत कडा, वाढवलेल्या पट्ट्या, पुढे ढकललेला रेडिएटर या सगळ्या त्याच्या खुणा.

चौथी तपासणी : गाडीखाली जा

बदल लपवणारा माणूस वरचा पत्रा रंगवतो, खालून तेवढी मेहनत घेत नाही. म्हणून टॉर्च घेऊन खाली वाकणं सर्वांत फायद्याचं.

चेसिसच्या दोन लांब दांड्या शेवटपर्यंत हाताने चाचपाव्यात. मधेच वेल्डिंगची आडवी रेघ, वरून मारलेली जाड पट्टी किंवा एका ठिकाणी अचानक बदललेली जाडी म्हणजे जोड. चेसिसवरचा ताजा काळा रंग फक्त एक-दोन फुटांपुरताच असेल, तर नेमकं तिथेच बघावं.

सीजे-३बीच्या मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा मधोमध नसतो, उजव्या बाजूला सरकलेला असतो. तो बरोबर मध्यात असेल, तर एक्सल दुसऱ्या गाडीचा आहे. ‘फोर बाय फोर’ असल्याचा दावा असेल, तर पुढच्या एक्सलवरही तसाच गोळा आणि त्याकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट दिसला पाहिजे. नुसत्या आतल्या लिव्हरवर विश्वास ठेवू नये. लिव्हर असतो, पण खाली शाफ्टच नसतो, असंही होतं.

कमानीचे पाटेही मोजावेत. एका बाजूला एक पाटा जास्त, किंवा सगळे पाटे वेगवेगळ्या गंजाचे आणि जाडीचे, म्हणजे गाडीने क्षमतेपेक्षा जास्त ओझं वाहिलंय. धानाच्या भागात फिरलेल्या गाडीच्या खाली चिखल साचून पत्रा आतून सडतो. त्यामुळे हौद्याच्या खालच्या कडा आणि बॉडी चेसिसला जिथे बोल्टने बसते त्या जागा स्क्रू-ड्रायव्हरने हलक्या टोचून बघाव्यात.

पाचवी तपासणी : चुंबक फिरवा

फ्रिजवर लावायचं साधं चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवावं. पत्रा असेल तिथे ते चिकटतं. जाड पुट्टी, म्हणजे लांबी, भरलेली असेल तिथे ढिलं पडतं. फायबरची बॉडी असेल तर चिकटतच नाही.

पिकअपमध्ये सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे ड्रायव्हरच्या सीटमागची उभी कड. जीपची पिकअप करताना बॉडी तिथे कापतात. त्या रेषेवर चुंबक ढिलं पडलं, की जोड लपवलाय असं समजावं. डॅशबोर्डमागचा पत्राही बघावा. तिथे गोल भोकं चकत्या लावून बुजवलेली असतील, तर स्टिअरिंगची बाजू, पेडल किंवा वायरिंग कधीतरी बदललेलं आहे.

सहावी तपासणी : चाकं

जुन्या विलीज जीपच्या चाकाला पाच नट असतात. ६.००-१६ हा सीजे-३बीच्या टायरचा मूळ आकार. चाकाला सहा नट दिसले, तर हब किंवा अख्खा एक्सल बदललेला आहे.

रुंद आणि उंच टायर रीलमध्ये भारी दिसतात. पण टायरचा घेर दहा टक्के वाढला, तर मीटर ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६६ च्या वेगाने धावत असते. त्याच वेळी जुने ड्रम ब्रेक तेवढेच असतात. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर पत्र्याला किंवा पाट्यांना घासतो का, हेही तिथेच उभं राहून बघता येतं.

सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत महत्त्वाचं : कागद

आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. अनेक जुन्या गाड्यांत हा नंबर दोन ठिकाणी असतो : पाटीवर आणि चेसिसच्या दांडीवर ठोकलेला. पाटी काढून दुसरीकडे लावता येते, म्हणून दांडीवरचा नंबर महत्त्वाचा. त्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासलं की ठसा उमटतो. आकडे वेगवेगळ्या उंचीचे, काही खोल काही उथळ, आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा किंवा नंबरच्या चौकोनाभोवती वेल्डिंग दिसलं, तर व्यवहार तिथेच थांबवावा. ती फक्त बदललेली नाही, चोरीची गाडीही असू शकते.

इंजिन नंबर विलीज इंजिनांत समोरच्या बाजूला, पाण्याच्या पंपाजवळ असतो. तोही जुळवावा. मग एम-परिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर नोंद तपासावी. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद संगणकावर आलेली नसते. अशा वेळी आरटीओत ‘बॅकलॉग एन्ट्री’ करून घ्यावी लागते. ती विकणाऱ्याने करून द्यावी आणि मगच पैसे द्यावेत.

नंबर प्लेटही गोष्ट सांगते. एमएच-३६ म्हणजे भंडारा आणि एमएच-३५ म्हणजे गोंदिया. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. पन्नासच्या दशकात ‘एमएच’ने सुरू होणारी आजची नंबर पद्धत नव्हती. म्हणून १९५५ ची म्हणून दाखवलेल्या गाडीवर एमएच-३६ असेल, तर तिला हा नंबर नंतर मिळालाय. त्यात गैर काही नाही, लिलावातल्या किंवा दुसरीकडून आलेल्या गाडीला असा नंबर मिळू शकतो. पण आधीचे कागद मागायलाच हवेत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की, मालकाला गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ स्पष्ट केला. मूळ रचनेत बदल चालणार नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट.

काही गोष्टींना वाट आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किट, नियमांत बसणारं इंजिन बदलणं, अपंग व्यक्तीसाठी गाडीत केलेली सोय हे परवानगी आणि आरसीवर नोंद या मार्गाने करता येतं. ट्रक किंवा मालवाहू गाडीची नुसती चेसिस घेऊन त्यावर बाहेर बॉडी बांधून नोंदणी करणं हाही वेगळा, कायदेशीर प्रकार आहे. त्यामुळे ‘बॉडी बाहेर बांधलेली’ म्हणजे आपोआप बेकायदा, असं नाही. आरसीवर काय लिहिलंय ते बघावं.

परवानगीशिवाय बदल केला, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. शिवाय अपघात झाल्यावर विमा कंपनी न कळवलेल्या बदलाचं कारण दाखवून दावा अडवू शकते.

आणि ‘विंटेज’चं काय?

हा शब्द आता विक्रेत्याच्या मर्जीवर राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच त्यात बसते. अशा गाडीला नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, पुनर्नोंदणीचं ५ हजार, आणि मुदत १० वर्षं. ही गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल आणि इंधन भरणं यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला नाही.

म्हणजे हिशेब असा. मागून कापून पिकअप केलेली जीप या व्याख्येत बसत नाही, कारण बॉडी बदललीय. डिझेल टाकलेली बसत नाही, कारण इंजिन बदललंय. मालवाहू म्हणून नोंदलेली बसत नाही, कारण ती खासगी वापराची नाही. आणि एमएम ५४० कितीही जपलेली असली, तरी ऐंशीच्या दशकातली असल्याने तिचं वयच अजून भरलेलं नाही.

मग बदललेली जीप घेऊच नये का?

तसं नाही. शेतात, घरच्या कामाला, आवड म्हणून अनेकांना अशी गाडी हवी असते, आणि कागद जुळत असतील तर ती घेण्यात काही चूक नाही. फक्त ती ‘बदललेली जुनी गाडी’ म्हणून, त्याच किमतीला घ्यावी. विंटेजचे पैसे मोजून नाही.

विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच : ‘यात काय काय बदललंय, आणि त्यातलं आरसीवर काय चढलंय?’ प्रामाणिक माणूस स्वतःच यादी सांगतो : इंजिन अमुक साली टाकलं, हौदा तमुक मिस्त्रीने बांधला. ‘सगळं ओरिजिनल आहे, डोळे झाकून घ्या’ असं कुणी म्हणाला, तर खिशातली टेप बाहेर काढावी आणि आधी व्हीलबेस मोजावा.